उमेदवाराची लायकी

परवा डोंबिवलीच्या फलाटावर दोघा गृहस्थांचा वाद रंगला होता. एक म्हणत, "उमेदवार पदवीधर हवा." दुसरे म्हणाले, "पदवी राहू द्या हो! स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला असला म्हणजे झाले."

दोन्ही म्हणणी पटण्यासारखी. पण पदवीची अट घातली तर वगळले कोण जातील? हमाल, मोलकरीण, वीटभट्टीवरचा मजूर. हातावर पोट असणारेच. वास्तविक त्यांच्याइतके स्वावलंबी कोण? १९१९ च्या कायद्यात मताचा हक्क मुख्यतः सारा नि कर भरणाऱ्यांपुरता होता. संविधानाने ती भिंत पाडली. लोकसभेच्या उमेदवाराला वयाची २५ वर्षे पुरी लागतात, पदवी लागत नाही. कायदे करणाऱ्यांना पात्रतेची अट नाही, याची खंत डॉ. राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलून दाखवली; पण चारित्र्य मोजायचे माप नाही, हेही त्यांनी सांगितले.

निदान कामाचे माप तरी आपल्या ठाण्यातच सापडते. 'शेटजी-भटजींचा पक्ष' म्हणून हिणवल्या गेलेल्या जनसंघात वाढलेले रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० साली ठाण्यातून लोकसभेवर गेले. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. तो हिशेब हीच त्यांची लायकी.

तेव्हा उमेदवार दारी आला, की 'काय शिकलात?' याच्या आधी 'काय केलेत?' असे विचारा. स्वावलंबन आपण उमेदवारात शोधतो. ते आधी मतदाराच्या अंगी हवे. हिशेब मागायला दुसऱ्या कुणाची वाट कशाला पाहायची?