आधी उजेड तपासा
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



हिवाळ्यात सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याहून सांगलीला येताना ऊन समोरून येते. हातातल्या मोबाईलचा पडदा दिसेनासा होतो. पडदा बिघडलेला नसतो; त्यावर पडून परतणारे ऊन त्याच्या मंद प्रकाशाला झाकून टाकते. हजार वर्षांपूर्वी, बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथम या विद्वानाने ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात हेच मांडले होते. प्रखर प्रकाशापुढे मंद प्रकाश लपतो, म्हणूनच दिवसा तारे दिसत नाहीत.

आता वैमानिकाचा विचार करा. आपल्या देशाच्या ‘तेजस’ विमानाने 4 जानेवारी 2001 रोजी पहिले उड्डाण केले. 2025 साली नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेले ‘तेजस’ही आकाशात झेपावले. या विमानात वेग, उंची, इंधन ही सारी माहिती रंगीत पडद्यांवर दिसते. भर उन्हाचा प्रकाश सुमारे 1,00,000 लक्स, तर पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्स. दोन्ही वेळी पडदा वाचता आला पाहिजे. विमान वळले की पाठीमागचा सूर्य क्षणात तोंडावर येतो. उलट, रात्री पडदा फार उजळ असेल तर डोळे दिपतात, आणि ते अंधाराला पुन्हा पूर्ण सरावण्यास अर्धा तासही लागतो.

मग पडदा उन्हात नेऊनच का तपासू नये? कारण सूर्य थांबत नाही आणि ढग सांगून येत नाहीत. कालचे ऊन आज तसेच मिळाले नाही, तर दोन पडद्यांची तुलना कशी करणार? म्हणून प्रयोगशाळेतच आकाश उभारतात. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमधील शास्त्रज्ञांनी अशी यंत्रणा तयार केली आहे. अशा यंत्रणेत घुमटातून आभाळासारखा विखुरलेला उजेड मिळतो आणि सूर्याच्या जागी प्रखर दिवा असतो. पहाट, दुपार, ढगाळ हवा, रात्र, जे हवे ते पुन्हा पुन्हा निर्माण करता येते. तिथे आकडा वाचता आला नाही, तर वैमानिकाला नापास करीत नाहीत, पडदा सुधारतात.

हे वाचले तेव्हा मला माझा एक विद्यार्थी आठवला. तो कडेच्या बाकावर बसे आणि फळ्यावरची गणिते चुकीची उतरवून घेई. मी त्याला अनेकदा रागावलो. एके दिवशी सहज त्याच्या जागेवर बसलो. खिडकीचे ऊन फळ्यावर चमकत होते. मलाही 3 आणि 8 यांतला फरक कळेना! जागा बदलताच त्याची वही सुधारली. वर्षभर मात्र तो स्वतःला ‘ढ’ समजत होता, आणि त्यात माझा वाटा होता.

पालकहो, मूल मागे पडले तर शाळा सोडवण्याची घाई करू नका. त्याला फळा दिसतो का, त्याचे डोळे तपासले आहेत का, घरी अभ्यासाला पुरेसा उजेड आहे का, हे आधी पाहा. विद्यार्थ्यांनो, दिसत नसेल तर हात वर करून सांगा. त्यात लाज कसली? आणि आम्ही शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी प्रत्येक बाकावर बसून पाहावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.