रक्ताचा थेंब आणि खिशातला फोन



घरात कोणाला मधुमेह असेल, तर जैवसंवेदक तुमच्या हाताखालून गेलेला आहे. आपण त्याला साखर तपासायचं मशीन म्हणतो. रक्तात शेकडो पदार्थ असतात. पट्टीवरचं एन्झाइम त्यातलं फक्त ग्लुकोज ओळखतं. त्या क्रियेत निर्माण होणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह मशीन मोजतं. या कल्पनेचं मूळ शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांच्या 1962 सालच्या कामात आहे. ओळखणारं एक आणि मोजणारं दुसरं, अशी ही जोडी. स्मार्टफोन आला तो दुसऱ्याच्या मदतीला. पहिल्याचं काम त्याला येत नाही.

फोनच्या या मदतीचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण रवांडातलं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले सॅम्युएल सिया आणि त्यांचे सहकारी यांनी फोनला जोडायचं मुठीत मावेल एवढं उपकरण केलं. फेब्रुवारी 2015 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. बोट टोचून घेतलेल्या थेंबातून एचआयव्ही आणि सिफिलिस, म्हणजे गरमी, या दोन्हींच्या अँटीबॉडी पंधरा मिनिटांत शोधायच्या. सिफिलिस गर्भवतीकडून बाळाला होतो आणि वेळेत कळला तर पेनिसिलिननं बरा होतो. निदान न झाल्यामुळे बाळ दगावणं, यासारखं दुःख नाही.

या उपकरणाची रचना बघण्यासारखी आहे. विजेचा पंप नाही. रबरी फुगा दाबला की निर्वात तयार होतो आणि थेंब बारीक नळ्यांतून ओढला जातो. अँटीबॉडी सापडली की तिच्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसतात, त्यांच्यावर चांदीचा थर चढतो, आणि त्या थरानं किती प्रकाश अडवला ते मोजलं जातं. फोनचा कॅमेरा इथे लागतच नाही. इअरफोनच्या भोकातून वीजही मिळते आणि आकडेही फोनकडे जातात. उपकरणाचा उत्पादनखर्च तेव्हा 34 डॉलर होता. प्रयोगशाळेतल्या तशाच यंत्रणेला 18 हजार डॉलरहून अधिक लागत. स्थानिक आरोग्यसेवकांना अर्ध्या तासाचं प्रशिक्षण पुरलं.

पण रवांडात 96 रुग्णांवर झालेल्या चाचणीतला आणखी एक आकडा मी मुद्दाम सांगतो. त्यातल्या एका तपासणीची विशिष्टता 79 टक्के निघाली. म्हणजे ज्यांना तो आजार नाही अशा शंभर जणांत एकवीस जणांना ही तपासणी ‘आहे’ असं सांगेल. गरमीचा खोटा होकार घेऊन घरी जाणाऱ्या बाईचं काय होईल, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. संशोधकांनी हा आकडा लपवला नाही, हे मला त्यांच्या कौशल्याइतकंच मोठं वाटतं.

कॅमेऱ्यावर चालणारं उदाहरण आपल्याकडचं आहे. महाराष्ट्रातल्या बायोसेन्स कंपनीनं लघवीच्या तपासणीपट्टीचे रंग आयफोनच्या कॅमेऱ्यानं वाचणारं ‘यूचेक’ काढलं. 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं त्यांना पत्र पाठवलं: या पट्ट्यांना डोळ्यांनी वाचण्यापुरती मान्यता आहे; फोन वाचणार असेल तर सगळ्या यंत्रणेलाच मान्यता हवी. नवं काही करणाऱ्याला हे जाचक वाटेल. मला ते रास्त वाटतं. पिवळ्या दिव्याखाली आणि उन्हात एकाच पट्टीचा रंग कॅमेऱ्याला वेगळा दिसतो, आणि फोनही सारखे बदलत असतात. रवांडातलं उपकरण इअरफोनच्या ज्या भोकावर चाललं, ते 2016 साली आयफोनमधून गेलंसुद्धा.

उद्या गावातल्या शिबिरात कोणी फोन घेऊन आलं, तर बोट जरूर पुढे करा. मात्र आधी दोन गोष्टी विचारा: ही तपासणी किती लोकांवर पडताळली आहे? आणि ‘आजार आहे’ असं उत्तर आलं, तर पक्की तपासणी कुठे होईल?