पहिला दूरध्वनी

वाचा-उपचार केंद्रातील दूरध्वनी वाजतो, तेव्हा पलीकडे बहुधा एखादी आई असते. मूल अडीच-तीन वर्षांचे झालेले, पण त्याच्या तोंडून अद्याप 'आई' अशी हाक आलेली नसते. घरातील वडीलधारे म्हणतात, "याचे वडीलही उशिराच बोलले." कुणी सुचवते, "जिभेखालचा धागा कापून घ्या." या साऱ्या सल्ल्यांतून वाट काढीत तिने धीर एकवटलेला असतो. अशा वेळी शुल्क आणि वेळापत्रक सांगण्याची घाई नको. आधी तिचे म्हणणे न तोडता ऐकावे.

त्यानंतर मोजके प्रश्न विचारावेत. मूल हाकेला वळून पाहते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? सांगितलेले त्याला समजते का? पूर्वी येत असलेले शब्द गळून गेले आहेत का? श्रवणचाचणी झाली आहे का? हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये. दार आपटल्यावर दचकणाऱ्या मुलालाही बोलण्यातील बारीक ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते.

सर्वसाधारणपणे वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' अशी शब्दांची जोडी जुळू लागते. ती जुळत नसेल, तर तपासणी लांबवू नये. मात्र दूरध्वनीवर निदान करणे सर्वथा वर्ज्य मानावे. "काही नाही, बोलेल" या दिलाशाने उमलत्या वयातील मोलाचे महिने वाया जातात; तर "स्वमग्नता असावी" या एका वाक्याने घराची झोप उडते.

"माझेच काही चुकले का?" हा प्रश्न आई अनेकदा मनातच ठेवते. तिने तो न विचारताही तिच्यावरील हा भार हलका केला पाहिजे. "घरात मराठी बंद करून इंग्रजीच बोलावे का?" असेही पालक विचारतात. तशी मुळीच आवश्यकता नाही. दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष उद्भवत नाही. आईने आपल्या सहज भाषेतच मुलाशी भरपूर बोलावे.

खर्च झेपणारा नसेल, तर पर्यायही सांगावेत. मुंबईत वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. उपचारतज्ज्ञ कोणताही निवडला, तरी त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहून घेण्यास सांगावे.

संभाषण संपण्यापूर्वी भेटीचा दिवस निश्चित करावा आणि वडिलांनाही सोबत आणण्याचा आग्रह धरावा. "विचार करून कळवा" एवढ्यावर सोडलेली आई पुन्हा दूरध्वनी करील, याची शाश्वती नसते. आणि तिकडे मुलाचे वय थांबून राहत नाही.