नोंदवहीचे ऋण : कुलाबा ते अलिबाग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण कार्यकारिणीने दिले, तेव्हा संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवचरित्र यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी अनेकांची अपेक्षा असणार. त्या विषयांचे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत आणि पुढेही येतील. मी बी. ए. झालेला, तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून फायली हाताळणारा मनुष्य. विज्ञानात माझा अधिकार नाही. तरीही आज मी एका वैज्ञानिक संस्थेविषयी बोलणार आहे. कारण त्या संस्थेचे सर्वांत मोठे धन म्हणजे तिच्या नोंदवह्या, आणि नोंदवहीशी माझा जन्माचा संबंध आहे.

ती संस्था म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा आणि तिचा वारसा चालवणारी अलिबागची चुंबकीय वेधशाळा.

पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे, हे आपण सारे शाळेत शिकलो. परंतु तिचे चुंबकत्व स्थिर नसते. दिवसाच्या प्रहरांनुसार ते किंचित वरखाली होते, वर्षानुवर्षे हळूहळू पालटत जाते, आणि सूर्यावर मोठा प्रक्षोभ झाला की एकाएकी खवळते. या शेवटच्या प्रकाराला चुंबकीय वादळ म्हणतात. हे वादळ आपल्याकडे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, त्याने झाडाचे पानही हलत नाही. टांगलेल्या चुंबकाच्या सूक्ष्म हालचालीवरूनच ते कळते. ती हालचाल कोणी पाहून लिहून ठेवली, तरच असे काही घडले होते हे पुढच्यांना समजते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली, ती खगोलवेध आणि जहाजांना अचूक वेळ कळावी यांसाठी. १८४१ पासून तेथे चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणे सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लिबार हे त्या कामाचे प्रवर्तक. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या वेधशाळेची धुरा काही काळ 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी वाहिली. पुढे लोकमान्यांचे गणिताचे गुरू म्हणून ख्याती पावलेले केरूनाना छत्रे यांनीही ऐन तारुण्यात येथेच साहाय्यक म्हणून काम केले. 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणाऱ्या या विद्वानाचा आकड्यांशी सहवास कुलाब्यातच दृढ झाला असावा, असे मला वाटते.

काम मात्र विलक्षण कंटाळवाणे होते. दुर्बिणीतून मोजपट्टीकडे पाहावयाचे, आकडा वाचावयाचा, वहीत लिहावयाचा. तासाभराने पुन्हा तेच. आज, उद्या, परवा. सणवार असो, मुंबईचा पाऊस कोसळत असो, आकडा चुकता कामा नये. आणि या आकड्यांचा उपयोग काय, असे त्या साहाय्यकाला कोणी विचारले असते, तर त्याला काय उत्तर देता आले असते? सूर्यातील घडामोडी आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा संबंध त्या काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नीटसा उलगडलेला नव्हता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र रेखाटीत असता त्यांना डागांच्या एका समूहापाशी अकस्मात तेजस्वी प्रकाश दिसला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, काही तारमास्तरांना विजेचे धक्के बसले. ध्रुवप्रदेशात दिसणारा प्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. युरोपातील काही वेधशाळांत छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटणारी रेषा कागदाच्या कडेबाहेर निघून गेली. म्हणजे वादळाचा कळसच नोंदीतून निसटला.

कुलाब्यात तेव्हा स्वयंचलित उपकरण नव्हते. डोळ्यांनी वाचून हातांनी लिहिणारी माणसे होती. २ सप्टेंबरला दुपारपूर्वी चुंबक विचित्र वागू लागला, तेव्हा त्यांनी तासाची वाट पाहिली नाही. नेमून दिलेल्या शिस्तीप्रमाणे त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांनी, तर कधी पाच-पाच मिनिटांनी आकडे टिपले. चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक, आजच्या परिमाणात सांगावयाचे तर, सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. अलिबागला हा घटक आज साधारण ३८,००० नॅनोटेस्लांच्या आसपास आहे, आणि त्याचा रोजचा चढउतार काही दशकांतच असतो. यावरून त्या दिवसाची कल्पना यावी.

वही मिटली. वर्षे लोटली. कंपनी सरकार आधीच गेले होते, नंतर राणीचे राज्यही गेले. आणि २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखिना आणि सोभना अ‍ॅलेक्स या चौघा शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या त्याच आकड्यांच्या आधारे १८५९च्या वादळाची तीव्रता मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. यांपैकी लखिना आणि अ‍ॅलेक्स हे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या स्थळाची, कळसासह टिकलेली ती नोंद जगाला मुंबईने दिली.

हे कसे साधले, याचा मी कारकुनी दृष्टीने विचार केला, तेव्हा मला तीन कारणे दिसली.

पहिले कारण नियमितपणा. वादळाच्या दिवशीचा आकडा मोलाचा ठरतो, तो शांत दिवसांचे हजारो आकडे त्याच्या मागे उभे असतात म्हणून. नेहमीचे काय हेच लिहिलेले नसेल, तर विपरीत काय हे कशावरून ठरवणार?

दुसरे कारण स्पष्टीकरण. कुलाब्याच्या छापील खंडांत आकड्यांबरोबर उपकरण कोणते, मोजपट्टीचा एक भाग म्हणजे किती बल, तापमानासाठी कोणती दुरुस्ती करावी, हेही दिलेले असे. हे नसते, तर ती वही म्हणजे चावी हरवलेली तिजोरी झाली असती. आज ज्याला डेटा म्हणतात, त्याच्या व्यवस्थापनाचे मर्म मला यातच दिसते. आकडे साठवणे सोपे आहे. ज्याने ते लिहिले तो नसतानाही परक्याला त्यांचा अर्थ लागावा, अशी तजवीज करणे कठीण आहे.

तिसरे कारण अखंडता, आणि येथे नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. हे पारशी गृहस्थ १८९६ साली वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामचा वीजप्रवाह रुळांवाटे जमिनीत पाझरतो आणि जवळपासचे नाजूक चुंबक बिघडवतो. तेव्हा वेधशाळेचे चुंबकीय काम मुंबईबाहेर नेणे प्राप्त झाले. स्थळ निवडले अलिबाग. तेथील इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. लोखंडाचा खिळादेखील चालणार नव्हता, म्हणून तांब्यापितळेचे सामान वापरले.

पण मूस यांचे खरे शहाणपण यापुढचे आहे. १९०४ साली अलिबाग सुरू झाले म्हणून त्यांनी कुलाबा बंद केले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली. त्यामुळे दोन जागांच्या आकड्यांतील फरक नेमका कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेस जोडता आली. ट्राम विजेवर धावली ती १९०७च्या मे महिन्यात. आपल्यापैकी पुष्कळ जण बदलीच्या नोकरीत आहेत. कार्यभार देणे-घेणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावयास नको. एका दुपारी चार सह्या करून गाडी पकडण्याची आपली रीत. मूस यांचा कार्यभार दोन वर्षे चालला! पुढे १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे विवेचनासह दोन खंडांत प्रसिद्ध केली.

हा 'प्रसिद्ध केली' शब्द महत्त्वाचा आहे. जपलेली नोंद दुसऱ्याला द्यावयाची की नाही, हा प्रश्न सर्वच संशोधनसंस्थांपुढे असतो. आम्ही रात्री जागवून आकडे मिळवावे आणि निबंध लिहून नाव दुसऱ्यानेच कमवावे काय, हा संशोधकाचा सवाल अन्याय्य नाही. यावर एक समंजस तोड आपल्या पुणे जिल्ह्यातच पाहावयास मिळते. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यावर ज्याने निरीक्षणे घेतली, त्याचा त्या सामग्रीवर काही ठरावीक काळ एकट्याचा हक्क. त्यानंतर ती इतर अभ्यासकांना खुली. कष्ट करणाऱ्याला पहिला मान मिळतो आणि सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान कुणा एकाच्या कपाटात अडकून राहत नाही.

देशादेशांतही हे घडू शकते. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष साठांहून अधिक देशांनी मिळून पाळले. अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध पेटलेले असताना, जमलेल्या निरीक्षणांसाठी जागतिक माहिती केंद्रे दोन्हीकडे स्थापन झाली आणि प्रती इकडून तिकडे गेल्या. एक केंद्र जळाले, बुडाले, तरी दुसऱ्याकडे प्रत राहावी, हाही त्यातला हेतू होता. भूचुंबकत्वाचे असे एक जागतिक केंद्र पुढे मुंबईच्या संस्थेतही आले.

खुलेपणाचा आणखी एक लाभ आहे. १,६०० नॅनोटेस्लांच्या त्या घसरणीवर नंतर वाद झाला. तो आकडा क्षणिक होता, तासाची सरासरी धरली तर घट पुष्कळ कमी भरते, असे काही अभ्यासकांनी दाखवले. या वादाने कुलाब्याला उणेपणा येत नाही. मूळ आकडे सर्वांसमोर आहेत, म्हणूनच त्यांच्या अर्थाची फेरतपासणी होऊ शकते. नुसता निष्कर्ष राहिला असता आणि वही गेली असती, तर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच आपल्या हाती उरले असते.

कुणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या वादळाशी आज आपल्याला काय कर्तव्य? १३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण १८५९हून सौम्य मानल्या जाणाऱ्या वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडला आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. १० व ११ मे २०२४च्या वादळात लडाखमधील हानले येथे आकाशात तांबडा प्रकाश टिपला गेला. आज आपली वीज, दूरसंदेशवहन आणि उपग्रह एकमेकांत गुंतलेले आहेत. निसर्ग जास्तीत जास्त किती खवळू शकतो, याचा अदमास घेताना अभियंत्यांना १८५९चे ते आकडे पुढे घ्यावे लागतात. वहीत आकडा लिहिणाऱ्याने विजेचा दिवाही पाहिला नसेल. पण त्याच्या लिखाणाचा उपयोग आपल्या घरातला दिवा विझू नये म्हणून होतो आहे.

सरकारी कचेऱ्यांत कागदपत्रांचे अ, ब, क असे वर्ग असतात. काही कायम जपावयाचे, काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे. सर्वच कागद ठेवणे शक्य नाही, हे मी जाणतो. पण एका कचेरीत पावसाळी ओल लागलेल्या जुन्या नोंदवह्या न चाळताच रद्दीत जाताना मी पाहिल्या आहेत. त्यांत काय होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. नोंद नष्ट होताना आवाज होत नाही. ती नाही हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जाता जाता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. उत्तरेतील या शहरात पन्नास वर्षांपूर्वी कोणती कुटुंबे आली, पहिला गणपती कुणाच्या अंगणात बसला, नाटकांच्या तालमी कुठे झाल्या, हे आज चार ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या वह्या, जुनी छायाचित्रे एका ठिकाणी गोळा करावीत. प्रत्येक छायाचित्रामागे नावे आणि साल लिहावे. एक प्रत मंडळात आणि दुसरी अन्यत्र ठेवावी, आणि पाहू इच्छिणाऱ्याला ती सुखाने पाहू द्यावी. जुनी कार्यकारिणी जाऊन नवी येते तेव्हा कपाटाच्या किल्लीबरोबर कपाटात काय आहे याची यादीही सुपूर्त करावी. शंभराव्या वर्षी या मंडळाचा इतिहास लिहू पाहणारी आपली नातवंडे-पतवंडे आपल्याला कोणता प्रश्न विचारतील, हे आज सांगता येणार नाही. उत्तराची सामग्री मात्र आजच ठेवावी लागेल.