आरोग्याच्या पाहणीचा फोन आणि आपण
(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवांनी केलेले भाषण)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील पदाधिकारी आणि रेल्वे-पोस्टातील माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

पेन्शन आणि रिक्त जागा या प्रश्नांवर आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एका लहान वाटणाऱ्या विषयावर चार शब्द बोलणार आहे. तो म्हणजे आरोग्याच्या पाहणीसाठी येणारा फोन.

एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, केंद्र सरकारने १९२१ या क्रमांकावरून नागरिकांना फोन करून आजाराच्या लक्षणांची पाहणी करण्याचे जाहीर केले. त्या दिवसांत देश घरात होता, पण मालगाड्या धावत होत्या आणि पोस्टमन दारोदार पैसे पोचवीत होता. म्हणजे ज्यांना धोका अधिक, त्यांचे उत्तर अधिक महत्त्वाचे होते. अमेरिकेत तर १९८४ साली १५ राज्यांत अशी टेलिफोन पाहणी सुरू झाली. पुढे ती सर्व राज्यांत पसरली आणि वर्षाला चार लाखांहून अधिक मुलाखती होऊ लागल्या. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, खर्चापायी डॉक्टरकडे जाणे टाळले का, असे साधे प्रश्न त्यात असतात.

काही जण विचारतात, मी एकट्याने उत्तर दिले नाही तर काय बिघडले? शितावरून भाताची परीक्षा होते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण शिते वरचीच घेतली, तर तळाचा करपलेला भात कळत नाही. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने टेलिफोनधारक व मोटारमालकांच्या याद्यांवरून लाखो लोकांचे मत मागविले आणि लँडन निवडून येणार असे सांगितले. निवडून आले रुझवेल्ट! गरिबाकडे फोन नव्हता, म्हणून त्याचे मत मोजलेच गेले नाही.

आज फोन आपल्या खिशात आहे, पण रात्रपाळी करून आलेला पॉइंट्समन किंवा आर.एम.एस.मधला सॉर्टर सकाळी अकरा वाजता झोपलेला असतो. फोन उचलतो तो दिवसपाळीचा माणूस. मग त्याचाच रक्तदाब सर्वांचा रक्तदाब ठरतो. घरच्या बायकांचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरत असलेला मोबाईल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच आढळला. म्हणून फोनवर पत्नीची माहिती मागितली, तर आपण उत्तर देऊ नये. फोन तिच्या हाती द्यावा आणि बाजूला व्हावे.

आता मनातल्या भीतीबद्दल. रक्तातली साखर सांगितली की मेडिकल कॅटेगरी खाली येईल आणि लाईनवरून काढतील, असे रनिंग स्टाफमधले बांधव म्हणतात. ही भीती खोटी नाही, पोटाशी निगडित आहे. पण पाहणी वेगळी आणि ठरावीक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी वेगळी. खऱ्या पाहणीत अनेकांची उत्तरे एकत्र करून आकडे मांडतात, नावानिशी यादी लावत नाहीत. आणि नोकरीत असताना अपंगत्व आले, तर कामगाराला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. त्या कामाला तो योग्य नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या जागी घ्यावे लागते. हे संरक्षण १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होते, २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. लपवलेला आजार मात्र कोणत्याही कलमाने बरा होत नाही.

तरीही डोळे मिटून बोलू नका. पाहणी कोणाची, कशासाठी, उत्तरे कोणाकडे जाणार, हे आधी विचारा. ओ.टी.पी., बँकेचा खाते क्रमांक, ए.टी.एम.चा पिन यांचा आरोग्याशी संबंध नाही. तसे विचारले की फोन ठेवा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर कळवा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल, तर 'नाही सांगत' म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण खोटे उत्तर देऊ नका. ड्युटीवर असाल, तर गाडी आणि सिग्नल आधी. 'अमुक वेळी करा' एवढे सांगा. इटारसी, हुबळी, सिकंदराबाद येथील मराठी कुटुंबांनी भाषा अडत असेल, तर मराठीत बोलणारा माणूस मागावा. घरच्या बाईला आजार आपल्या भाषेतच नीट सांगता येतो.

शेवटी एक सूचना ठरावासाठी मांडतो. आरोग्याच्या प्रत्येक पाहणीत काम कोणते आणि पाळी कोणती, हे दोन प्रश्न असावेत आणि फोन संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशीही केले जावेत, अशी मागणी फेडरेशनने सरकारकडे करावी. आपण वाटाघाटीला बसतो, तेव्हा समोरचे अधिकारी पहिला प्रश्न 'आकडे कुठे आहेत?' असाच विचारतात. रात्रपाळीने झोप गेली, पाठ गेली, हे आपण जन्मभर बोलत आलो. ते आता मोजलेही गेले पाहिजे.

आपण हा ठराव एकमताने मंजूर कराल, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

कामगार एकजुटीचा विजय असो!