घरचा कॉम्प्युटर आणि ॲडमिनची चावी



मी नांदेडचा, नोकरी पुण्यात. सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे ईदला घरी आलो की शिरखुर्म्याआधी कुणाचा तरी लॅपटॉप समोर येतो. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या खालाचा आला. धाकटीच्या नीटच्या नोट्स, सगळ्यांचे दाखले, मरहूम खालूंचे फोटो, एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी: डॉलरमध्ये पैसे भरा, फाइली परत मिळतील.

मावसभावाला बाजूला घेऊन विचारलं. फोटो एडिटिंगचं महाग सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हणून त्यानं 'क्रॅक' उतरवलं होतं. सोबत सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. यानं केला! म्हणजे चौकीदाराला आपणच घरी पाठवलं. घरात खातं एकच, तेही ॲडमिनिस्ट्रेटरचं. 'येस' दाबलं की कॉम्प्युटर सगळं ऐकतो.

आम्ही पैसे भरले नाहीत. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी साधनं मोफत मिळतात, पण आमच्या कुलपाची किल्ली तिथे नव्हती. खालूंचे थोडे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केले. बाकीचे गेले.

आता काम सांगतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो, घरासाठी तो पुरेसा आहे. (आपल्या मराठी माणसाचंच हवं असेल तर क्विक हील आहे. साताऱ्याकडचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, त्यांचे भाऊ संजय यांनी तो लिहिला.) दोन अँटिव्हायरस एकदम चालवू नका, ते एकमेकांशीच भांडतात. आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, हेही बघा.

दुसरं काम लोक करतच नाहीत. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन एक नवं खातं उघडा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या. मग त्या खात्यातून तुमचं रोजचं खातं 'स्टँडर्ड यूजर' करा. फाइली कुठेच हलवाव्या लागत नाहीत. घरात प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून अम्मीच्या कपाटात. भावाला काही इन्स्टॉल करायचं असेल तर अम्मीकडे जावं लागेल. अम्मी "कशाला?" विचारतील, आणि तेवढ्यात निम्मे क्रॅक गळून पडतात.

यानं सगळं थांबतं असं मी म्हणणार नाही. स्टँडर्ड खात्यात शिरलेला व्हायरस त्या खात्याच्या फाइली बिघडवू शकतोच. पण तो अँटिव्हायरस सहजासहजी बंद करू शकत नाही, दुसऱ्याच्या खात्यात हात घालणंही त्याला अवघड जातं. म्हणून तिसरी गोष्ट: दाखले आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्कही त्याच कुलपात जाते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढे या. दुसरं खातं आत्ताच उघडू, दहा मिनिटांचं काम आहे.