भागिले सत्तर

बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर २४ डिसेंबर २०१८ रोजी काही वृद्ध माणसे साखळी उपोषणाला बसली. उपोषण आठवड्यात संपेल, असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. ते वर्षानुवर्षे चालले. मंडपात बसणाऱ्यांची नावे रोज बदलत गेली, मागणीचा फलक तोच राहिला: दरमहा किमान साडेसात हजार रुपये पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नी दोघांना मोफत औषधोपचार. या आंदोलनाचे नेते कमांडर अशोक राऊत आणि त्यांची राष्ट्रीय संघर्ष समिती पुढे दिल्लीपर्यंत गेली. मार्च २०२० मध्ये खासदार हेमा मालिनी यांच्यासह त्यांची पंतप्रधानांशी भेटही झाली. तरी फलकावरचा आकडा बदलण्याचे कारण घडले नाही.

श्रोतेहो, ही माणसे ‘ईपीएस-९५’चे, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, पेन्शनर म्हणून ओळखली जातात. देशभरात त्यांची संख्या पाऊण कोटीच्या आसपास आहे. त्यात खासगी कारखान्यांतले कामगार आहेत. पण आजचा विषय त्यांच्यातल्या त्या लोकांचा आहे, ज्यांना गाव सरकारी नोकर समजत आले. एसटीचा चालक, वाहक, डेपोतला मेकॅनिक, वीज मंडळाचा लाइनमन, राज्याच्या महामंडळातला कारकून. त्यांनी सरकारचे काम केले, सरकारच्या नियमांनी बदल्या आणि मेमो घेतले. निवृत्तीच्या दिवशी मात्र त्यांना कळले की सरकारी पेन्शन त्यांच्यासाठी नाहीच. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते आणि तिच्यावर महागाई भत्ता चढत जातो. एसटीच्या चालकाचा हिशेब भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात, वेगळ्याच सूत्राने होतो.

ते सूत्र एका ओळीचे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर.

सत्तर का? पस्तीस वर्षे सेवा झाली की पस्तीस भागिले सत्तर म्हणजे निम्मे. म्हणजे वचन इथेही अर्ध्या पगाराचेच होते. पण ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. वीस वर्षे सेवा करणाऱ्याला नियमाने दोन वर्षे वाढवून मिळतात, ती धरली तरी पस्तीसचा आकडा २०२८ च्या आधी कोणालाच गाठता येणार नाही. १९९५ पूर्वीच्या नोकरीसाठी वेगळे कोष्टक आहे. त्यात वीसहून अधिक वर्षांच्या जुन्या सेवेची जास्तीत जास्त किंमत धरली आहे १७० रुपये. अकरा वर्षांपर्यंतच्या सेवेची ८० किंवा ८५. हे आकडे पुढे एका गुणकाने वाढतात, पण मूळच इतके बारीक असल्यावर गुणक तरी काय करणार? ज्या माणसाने १९७५ मध्ये स्टिअरिंग हाती घेतले, त्याची उमेदीची वीस वर्षे या कोष्टकात गेली.

दुसरी मेख ‘पेन्शनपात्र वेतन’ या शब्दांत आहे. पगार कितीही असो, हिशेबात धरायचा तो मर्यादेपुरताच. ही मर्यादा आधी ५,००० होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्त झालेला चालक घ्या. नव्या योजनेतली त्याची सेवा अठरा वर्षे. ६,५०० गुणिले १८, भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. जुन्या सेवेचा तुकडा जोडला तर काहीशे रुपये आणखी. ही रक्कम एकदा ठरली की ठरली. तिला महागाई भत्ता नाही.

२०१४ मध्ये किमान पेन्शन एक हजार रुपये करण्यात आले, तेव्हा तो मोठा दिलासा म्हणून जाहीर झाला. आणि ज्यांना तीन-चारशे रुपये मिळत होते, त्यांना तो होताही. पण दहा वर्षे उलटली तरी हजाराचा आकडा हलला नाही. त्याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक दीडपटीच्या वर गेला आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी २०२४ मध्ये पन्नास टक्क्यांवर पोहोचला. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांची मदत २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झाली. ती वाढ योग्यच होती, निराधाराला दीड हजारही पुरत नाहीत. परंतु आयुष्यभर दरमहा ज्याच्या नावे वर्गणी जमा झाली, त्याच्यासाठी किमान हजार, आणि ज्याच्या नावे काहीच जमा नाही त्याच्यासाठी दीड हजार, हा हिशेब कोणत्या तत्त्वाने मांडला, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

तत्त्व नव्हते असे नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात ते स्पष्ट केले होते. मूळचे पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश होते आणि पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. प्रश्न असा होता: ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना सुधारित पेन्शन आणि आधीच्यांना नाही, हे चालेल का? न्यायालयाने नाही म्हटले. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, केलेल्या कामाचा तो हक्क आहे आणि एका तारखेच्या रेघेने सारख्याच माणसांचे दोन वर्ग पाडता येत नाहीत. पेन्शनर आजही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. तो निकाल सरकारच्या तिजोरीतून मिळणाऱ्या पेन्शनचा होता. वर्गणीच्या निधीतून मिळणाऱ्या पेन्शनला तो जसाच्या तसा लागू होत नाही, असा युक्तिवाद पुढे झाला, आणि कायद्याच्या भाषेत त्यात तथ्यही आहे. माणसाच्या म्हातारपणाला मात्र हा भेद कळत नाही.

तारखेची रेघ या योजनेत पुन्हा पुन्हा ओढली गेली. पगाराच्या मर्यादेपलीकडे, पूर्ण पगारावर वर्गणी भरून जादा पेन्शन घेण्याचा पर्याय नियमात होता. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने १ डिसेंबर २००४ नंतर तो स्वीकारणे थांबवले. आर. सी. गुप्ता खटल्यात ४ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ पुसली. मार्च २०१७ मध्ये अंमलबजावणीचे परिपत्रक निघाले आणि अनेकांचे पेन्शन खरोखर वाढले. दोनच महिन्यांत, ३१ मे रोजी, दुसरे परिपत्रक निघाले: ज्या आस्थापनांचा निधी त्यांच्या स्वतःच्या विश्वस्त मंडळाकडे आहे, त्यांच्या कर्मचाऱ्यांना हा लाभ नाही. अनेक सार्वजनिक उपक्रमांचा निधी नेमका अशाच मंडळांकडे असतो.

मग आला ४ नोव्हेंबर २०२२ चा निकाल. सरन्यायाधीश उदय लळित, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्या पीठाने १ सप्टेंबर २०१४ रोजी सेवेत असलेल्यांना पर्याय देण्यासाठी चार महिन्यांची मुदत दिली आणि निधीचे स्वतःचे विश्वस्त मंडळ असलेल्या आस्थापनांनाही त्यात घेतले. पण त्या तारखेआधी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांसाठी दार बंद झाले. २५ जानेवारी २०२३ च्या परिपत्रकाने भविष्यनिर्वाह निधी संघटनेने अशा निवृत्तांची वाढलेली पेन्शन पुन्हा तपासायला घेतली: ज्यांनी पर्याय दिला नव्हता, त्यांची वाढ थांबवायची आणि दिलेली जादा रक्कम वसूल करायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने वाढीव पेन्शन धरून औषधांचा, नातवाच्या फीचा मेळ बसवलेला असतो. त्याच्या पासबुकातली रक्कम एका महिन्यात जुन्या आकड्यावर येते आणि वर वसुलीची नोटीस येते. कोणत्याही हिशेबी कारणाने हे समर्थनीय ठरत नाही.

विक्रीची, म्हणजे पेन्शनचा एक तृतीयांश भाग आगाऊ एकरकमी घेण्याची, सोय सप्टेंबर २००८ मध्ये बंद झाली. ज्यांनी आधी विक्री केली होती, त्यांची कपात आयुष्यभर चालू राहणार होती. सरकारी पेन्शनरची हीच कपात पंधरा वर्षांनी थांबते. ती सवलत ईपीएसच्या पेन्शनरांना मिळायला फेब्रुवारी २०२० उजाडले. तेव्हा सुमारे ६ लाख ३० हजार जणांना पूर्ण पेन्शन परत मिळाले. म्हणजे ठरवले तर दुरुस्ती होते.

ती किती लवकर होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली होती. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ते १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले. कचेऱ्या आणि शाळा थांबल्या, सरकारी दवाखाने अडले. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. तीत दहा वर्षांच्या सेवेला किमान पेन्शन दहा हजार आहे. कर्मचाऱ्यांनी लढून मिळवले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. निवृत्त चालकाकडे थांबवायला बस उरलेली नसते, हा फरक आहे.

निधी तोट्यात जाईल, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. वर्गणी ठरावीक आणि पेन्शन ठरावीक, अशा योजनेत आयुर्मान वाढले की ताण येतोच. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के, तेही मर्यादेतल्या पगारावर, एवढ्यावर सन्मानाचे पेन्शन उभे राहणार नाही. यावर उपाय राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच सुचवला होता: सरकारने आपला वाटा वाढवावा आणि किमान पेन्शन तीन हजार करावे. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. ते पुढे २०१९ ते २०२३ महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि त्याच काळात बुलढाण्यातला मंडप उभा होता.

राज्य सरकारलाही दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. ही सरकारची धोरणे महामंडळ राबवते आणि त्यांची भरपाई सरकार करते. मग ती बस चालवणाऱ्याचे म्हातारपण तेवढे महामंडळाचे खासगी प्रकरण कसे? पूर्ण पगारावरच्या त्या जादा पेन्शनसाठी साडेसतरा लाखांच्या आसपास अर्ज आले आहेत. त्यांच्यासाठी जुन्या पगाराच्या नोंदी मालकाने द्यायच्या आहेत आणि मंजुरी मिळालेल्याने फरकाची रक्कम व्याजासह भरायची आहे, पुष्कळांच्या बाबतीत ती लाखांत जाते. डेपोच्या कपाटातली तीस वर्षांपूर्वीची वेतनपत्रके शोधून देणे आणि फरक भरायला बिनव्याजी आगाऊ रक्कम देणे, ही दोन कामे राज्याची महामंडळे स्वतःच्या अधिकारात आजच सुरू करू शकतात.